घरचे कोडे आणि बाजारचे कोडे

व्याख्यानमालेचे चालक आमच्याकडे आले तेव्हा त्यांच्या मनात संपाचा इतिहास होता. कामगार चळवळीत तीस वर्षे काढलेल्या माणसाने बोनसवर बोलावे, कायद्यावर बोलावे, फार तर बंद पडलेल्या गिरण्यांवर बोलावे, ही अपेक्षा रास्तच होती. आम्ही ‘उखाणे आणि कोडी’ असा विषय सांगितला तेव्हा मंडळींनी एकमेकांकडे पाहिले. एक गृहस्थ हसून म्हणाले, “अहो, हा विषय हळदीकुंकवाचा झाला!” आमचे शाळेतले शिक्षण दहावीच्या अलीकडेच थांबले, पुढचे जे काही आहे ते युनियनच्या कचेरीतल्या कपाटातून आणि सार्वजनिक वाचनालयातून मिळवलेले. त्यामुळे विद्वत्तेचा दावा आम्ही करीत नाही. परंतु हळदीकुंकवाला जे बोलले जाते ते गिरणीच्या फाटकावर बोलल्या जाणाऱ्या गोष्टींपेक्षा हलके, असे मात्र आम्हांला कधी वाटले नाही. या विषयात एक प्रश्न दडलेला आहे आणि तो आम्हां कामगारांच्या पोटापर्यंत पोचतो. कोडे घालणाऱ्याच्या मनात काय असते? समोरच्याला ते सुटावे असे, की सुटू नये असे?

प्रथम थोडे मागे जाऊ. आपल्याकडे कोडे हे रिकामटेकड्यांचे काम म्हणून सुरू झालेले नाही. ते मोठ्या प्रसंगाचे अंग म्हणून आलेले आहे. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील १६४ वे सूक्त दीर्घतमा ऋषीचे. त्यात बारा आऱ्यांच्या एका चाकाचे वर्णन येते आणि त्या चाकावर ७२० मुलगे जोडीजोडीने उभे असल्याचे सांगितले आहे. चाक म्हणजे वर्ष, आरे म्हणजे महिने आणि मुलगे म्हणजे ३६० दिवस व ३६० रात्री, हा हिशेब ऐकणाऱ्याने आपल्या मनाशी करायचा. अश्वमेध यज्ञात तर ऋत्विजांनी एकमेकांस कोडी घालण्याचा विधीच होता. त्याला ब्रह्मोद्य म्हणत. एकटा कोण फिरतो, पुन्हा पुन्हा कोण जन्मतो, असे एकाने विचारायचे आणि सूर्य, चंद्र असे दुसऱ्याने उत्तर द्यायचे. गंमत अशी की हेच प्रश्न पुढे महाभारतात, वनपर्वामध्ये, यक्षाच्या तोंडी येतात आणि तळ्याकाठी युधिष्ठिर त्यांची उत्तरे देतो. यज्ञातल्या ऋत्विजाला उत्तर आधीच ठाऊक असे. तरीही विचारायचे आणि सांगायचे, कारण प्रसंग दोघांनी मिळून पुरा करायचा असतो.

पुढे काव्यशास्त्रकारांनी यात लक्ष घातले. दंडी या आचार्याने ‘काव्यादर्शा’च्या तिसऱ्या परिच्छेदात प्रहेलिकेचे, म्हणजे कोड्याचे, सोळा प्रकार सांगितले आहेत. त्यांचा उपयोग काय, हेही तो सांगतो: मेळाव्यातली करमणूक, आणि गर्दीतही जाणत्यांना आपसांत बोलता येणे. हे दुसरे कलम युनियनच्या माणसाला चटकन उमजते. मुकादम जवळ उभा असताना साचेखात्यात जे बोलणे चाले, ते निम्मे कोड्यातच चाले.

याच दंडीने ‘दशकुमारचरिता’त एक करामत केली आहे. एका कुमाराचा ओठ प्रियेने चावल्यामुळे दुखावलेला आहे. म्हणून तो आपली सगळी कथा ओठांना ओठ न लावता, ओष्ठ्य वर्ण टाळून सांगतो. आमच्या मराठीत मोरोपंतांनी (१७२९ ते १७९४) अशीच युक्ती करून ‘निरोष्ठ रामायण’ रचले. प, फ, ब, भ, म यांपैकी एकही अक्षर यायचे नाही, अशी अट. आता श्रोत्यांनी क्षणभर विचार करावा. ‘राम’ या शब्दातच ‘म’ आहे! म्हणजे रामाची कथा सांगायची आणि राम हे नावच घ्यायचे नाही. पंडिताने विद्वत्तेपोटी स्वतःवर जी अट लादून घेतली, ती आमच्या आज्या-पणज्यांवर समाजाने जन्मभरासाठी लादली होती. नवऱ्याचा संसार करायचा, पण नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही.

त्याआधी फडावरच्या कोड्यांना एक नमस्कार करायला हवा. शाहिरांत कलगीवाले आणि तुरेवाले असे दोन पक्ष. तुरेवाले शिवाला श्रेष्ठ मानणारे, कलगीवाले शक्तीला. जत्रेच्या रात्री समोरासमोर बसून एकाने भेदिक लावणीतून सवाल टाकायचा आणि दुसऱ्याने त्याचा जवाब द्यायचा. ही विद्या शेतकऱ्याने आणि कारागिराने ऐकून ऐकून जतन केली. सवाल टाकणारा जिंकू पाही हे खरे. पण जवाबच आला नाही तर रात्र फुकट गेली, असे दोन्हीकडच्या लोकांना वाटे.

आता उखाणा. मराठीत या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक म्हणजे कोडे, ज्याला कोकणात हुमाण म्हणतात. दुसरा म्हणजे नाव घेण्यासाठी जुळवलेल्या दोन ओळी. वरवर पाहता या दोन गोष्टींचा संबंध नाही; पण मुळाशी दोन्हींत एक गोष्ट झाकायची आणि योग्य वेळी उघडायची, हेच आहे. दुर्गा भागवतांचे ‘लोकसाहित्याची रूपरेखा’ १९५६ साली आले, सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्य समितीच्या द्वारे गावोगावचे बायकांचे वाङ्मय गोळा केले, तेव्हा कुठे शिकलेल्या मंडळींचे लक्ष इकडे वळले. त्यापूर्वी हे सारे चुलीपाशीच होते.

आमच्या आजीचेच उदाहरण सांगतो. आजोबांचे नाव एका वारावरून पडलेले होते. तो वार आजीने उभ्या जन्मात उच्चारला नाही. “रविवारच्या दुसऱ्या दिवशी ये,” असे ती भाजीवालीला सांगे. एकदा रेशनिंगच्या कचेरीत कारकुनाने तिला नवऱ्याचे नाव विचारले. आजी म्हणाली, “रविवारच्या पाठीवर येतो तो.” कारकुनाने वर पाहिले. रांगेतल्या बायका हसू लागल्या. शेवटी मागच्या बाईने उत्तर दिले आणि कार्डावर नाव चढले. ही गोष्ट घरात विनोद म्हणून सांगितली जाई. आम्हांला मात्र वय वाढल्यावर त्यातली अडवणूकही दिसू लागली. बाईच्या तोंडाला कुलूप होते आणि त्या कुलपाची किल्ली म्हणून तिने कोडे घडवले होते.

नाव घेण्याला परवानगी असे ती ठरावीक प्रसंगी: लग्नात घास भरवताना, नववधू उंबरठ्यावर आली असता नणंदांनी दार अडवल्यावर, मंगळागौरीला, डोहाळजेवणात, बारशाला, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. उखाण्याची रीत साधी आहे. पहिल्या ओळीत समोर दिसेल ते घ्यायचे, म्हणजे समई, तांदूळ, पाऊस, रेल्वे, काहीही. दुसऱ्या ओळीत नाव गुंफायचे आणि शेवटी यमक साधायचे. पाठ केलेल्या उखाण्याला बायका मान डोलावतात. पण त्या दिवसाचा, त्या घराचा, तिथल्या तिथे केलेला उखाणा आला की जेवणावळ थांबते. लिहिता न येणाऱ्या लाखो बायकांना कवी होण्याची परवानगी समाजाने दिली ती एवढ्याच दारातून, आणि त्या दारातून त्या आत शिरल्या.

हे घरचे कोडे झाले. आता बाजारच्या कोड्याकडे येऊ. त्याचाही जन्म घरगुतीच आहे, ही मोठी मौजेची गोष्ट. २१ डिसेंबर १९१३ रोजी न्यूयॉर्कच्या ‘वर्ल्ड’ या वृत्तपत्राच्या रविवारच्या पुरवणीत आर्थर विन या मूळच्या लिव्हरपूलच्या संपादकाने एक नवे कोडे छापले. नाताळ तोंडावर आला होता; वाचकांना सणाचे काही द्यावे, एवढाच हेतू. शंकरपाळ्याच्या आकारात मांडलेली चौकटी घरे, आणि त्यांत ‘गंमत’ या अर्थाचा इंग्रजी शब्द आधीच भरून दिलेला. त्याने नाव दिले ‘वर्ड-क्रॉस’. काही आठवड्यांत शब्दांची उलटापालट होऊन ते ‘क्रॉसवर्ड’ झाले. १९२४ साली अशा कोड्यांचे पहिले पुस्तक निघाले तेव्हा प्रत्येक प्रतीला एक पेन्सिल जोडलेली होती. सणाची भेट म्हणून आलेली वस्तू दहा-अकरा वर्षांत व्यापाराची झाली.

आमच्याकडे ती पैशाच्या पेहरावात फोफावली. बक्षिसांच्या शब्दकोड्यांचा धंदा स्वातंत्र्याच्या आगेमागे मुंबईत इतका बोकाळला की मुंबई सरकारला १९४८ साली लॉटऱ्या आणि बक्षीस-स्पर्धांवर नियंत्रण व कर बसवणारा कायदा करावा लागला. स्पर्धावाल्यांनी बिऱ्हाड राज्याबाहेर हलवले. ‘आर. एम. डी. सी.’ची कोडी बंगलोरहून निघणाऱ्या ‘स्पोर्टिंग स्टार’मध्ये छापली जात आणि तो अंक मुंबई राज्यात घरोघर येई. तेव्हा १९५२ साली कायद्यात दुरुस्ती झाली. १९५५ साली संसदेने बक्षीस-स्पर्धांचा कायदा केला आणि महिन्याची बक्षिसे १,००० रुपयांवर व प्रवेशिका २,००० वर जाऊ नयेत, असे बंधन घातले. मामला सर्वोच्च न्यायालयात गेला. ९ एप्रिल १९५७ रोजी न्यायालयाने निकाल दिला की जुगार हा घटनेने संरक्षण दिलेला व्यापार नव्हे. जिथे खरे कौशल्य लागते त्या स्पर्धा वेगळ्या.

कौशल्य आणि जुगार यांत फरक कसा करायचा? नमुना आमचा आहे, पण धाटणी त्या कोड्यांची आहे. संकेत असा: ‘हे गेले की माणूस हवालदिल होतो.’ दोन अक्षरे, त्यांतले दुसरे ‘न’. आता ‘धन’ लिहायचे की ‘मन’? दोन्ही बसतात. भाषा जाणणाऱ्याला आणि न जाणणाऱ्याला इथे सारखीच संधी आहे, कारण बरोबर उत्तर भाषेत नाही. ते स्पर्धावाल्याच्या पाकिटात आहे. असे दहा संकेत असले की एक हजार चोवीस जुळण्या होतात. प्रत्येक जुळणीला प्रवेशशुल्क. गरीब माणूस दोन भरतो, चार भरतो आणि निकाल आल्यावर म्हणतो, “एकाच शब्दाने हुकले!”

आमचे आजोबा हे वाक्य म्हणत, असे आजी सांगे. साचेखात्यात काम, पगाराचा दिवस आणि त्या दिवशी कोड्याची प्रवेशिका, असा त्यांचा क्रम होता. ते मराठी चौथी शिकलेले. शब्दांचे त्यांना खरे प्रेम होते. कंदिलापाशी बसून ते ‘धन’ की ‘मन’ यावर शेजाऱ्याशी वाद घालत. शेवटी घरातली तांब्याची घागर मारवाड्याकडे गेली. आजीला लिहिता-वाचता येत नव्हते, पण तिने एक वाक्य ऐकवल्याचे ती आम्हांला सांगे: “मी तुमचं नाव झाकते ते लोकांना कळावं म्हणून. तो मेला झाकतो ते कळू नये म्हणून.” कामगारांच्या सभांत पुष्कळ अर्थशास्त्र आमच्या कानांवरून गेले, त्यातले फारच थोडे या वाक्याइतके उपयोगी पडले.

घरच्या कोड्याची खरी ताकद आम्ही पाहिली ती संपात. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी काम थांबवले. आमचे वय तेव्हा दहा-अकरा वर्षांचे. महिने उलटत गेले, चाळीतली भांडी एक एक करून बाहेर गेली, अर्धी बिऱ्हाडे गावी गेली. त्या पावसाळ्यात मजल्यावर एक बारसे निघाले. पेढे कुठले? गुळाचा खडा वाटला. कुणी गाणे म्हणेना, सगळ्यांचे चेहरे उतरलेले. तेव्हा एका म्हातारीने आमच्या आईला नाव घ्यायला लावले. आई क्षणभर खिडकीतून बंद धुराड्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली:

“भोंगा झाला मुका, साचे उभे गप्प;
—रावांचं नाव घेते, चालू आहे संप!”

आधी हशा पिकला, मग एकदम शांतता झाली आणि मग एकामागून एक बायका उठल्या. कुणी रेशनवर, कुणी सावकारावर, कुणी गावाकडून आलेल्या तांदळाच्या गोणीवर उखाणा केला. तिथे बक्षीस नव्हते आणि प्रवेशशुल्कही नव्हते. पुरुष दाराबाहेर उभे राहून ऐकत होते. आमचे वडीलही होते. त्यांना गिरणीत पुन्हा काम मिळाले नाही; पण तो उखाणा ते मरेपर्यंत लोकांना म्हणून दाखवीत.

पुढे आम्ही युनियनच्या कामात पडलो तेव्हा ही आठवण घेऊनच पडलो. दर १ मे रोजी फाटकावरच्या फळ्यावर आम्ही एक कोडे लिहू लागलो. पहिल्या वर्षीचे असे होते: ‘चार अक्षरी नाव. पहिली दोन उन्हात करायची, शेवटची दोन उन्हात मिळत नाहीत. पहिले-चौथे जोडा, मालकाच्या दारात उभी असते. दुसरे-चौथे जोडा, मुकादमाच्या तोंडी असते.’ पाळी सुटली तेव्हा फळ्यापुढे गर्दी. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांना इतर वाचून दाखवत होते आणि ‘काम’, ‘गार’, ‘कार’ अशी अक्षरे बोटांवर मोजली जात होती. उत्तर सांगितले ते एका झाडूवाल्याने: कामगार. ‘मर’ हा शब्द त्याला सर्वांत आधी सुचला, कारण तो त्याने सर्वांत जास्त ऐकला होता.

मग निवृत्तीच्या निरोप समारंभासाठी आडव्या-उभ्या घरांची शब्दकोडी आम्ही हाताने करू लागलो. मराठीत हे काम इंग्रजीपेक्षा निराळे आहे. इंग्रजी कोड्यात एका घरात एक वर्ण. आपल्याकडे काना, मात्रा, जोडाक्षरासह एक संपूर्ण अक्षर. ‘का’ आडवा बसला तर उभ्या शब्दातही ‘का’च हवा, ‘क’ किंवा ‘की’ चालत नाही. त्यामुळे शब्द एकमेकांना कमी ठिकाणी छेदतात आणि काळी घरे जास्त होतात. आधी सत्कारमूर्तीचे नाव मधोमध लिहायचे, मग त्याच्या यंत्राचे नाव, आवडीची भाजी, चहाची टपरी, गाजलेला संप हे त्याभोवती पेरत जायचे. एका कोड्याला आम्हांला आठवडा लागे. प्रती काढून समारंभात वाटायच्या आणि सर्वांनी मोठमोठ्याने ते सोडवायचे.

अशा एका समारंभात घडलेली गोष्ट सांगितलीच पाहिजे. बत्तीस वर्षे एकाच खात्यात काढलेले एक कामगार निवृत्त होत होते. सारे शब्द भरून झाले, तीन घरे मात्र रिकामी राहिली. संकेत होता: ‘सत्कारमूर्तीचे गाव’. साठ-सत्तर माणसे बसलेली, रोज त्यांच्याबरोबर डबा खाणारी. एकालाही ठाऊक नव्हते. आम्हांलाही ते त्यांच्या नोकरीच्या कागदावरूनच कळले होते. अखेर ते स्वतः उठले, गावाचे नाव सांगितले आणि म्हणाले, “आता नाही ते. धरणाच्या पाण्याखाली गेलं. म्हणून कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.” सभेत बराच वेळ कुणी बोलले नाही. एकजुटीच्या घोषणा आम्ही त्यांच्याबरोबर शेकडो वेळा दिल्या होत्या आणि शेजारच्या माणसाचे गाव आम्हांला माहीत नव्हते. त्या दिवसापासून कोडे करणाऱ्याने आधी माणसाच्या घरी जाऊन बसायचे, असा आम्ही नियमच केला.

शेवटची गोष्ट आमच्या आईची. वडील २००४ साली गेले आणि त्यानंतर आईला कुणी नाव घ्यायला सांगितले नाही. जिच्या उखाण्यावर मजला हसला-रडला ती बारशाला मागच्या भिंतीशी बसू लागली. जिवंत नवऱ्याचे नाव घ्यायला प्रसंग लागतो, गेलेल्याचे घ्यायला प्रसंगच उरत नाही, असा हा न्याय! मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. ही बातमी आम्ही आईला वाचून दाखवली. तिने ती दोनदा वाचायला लावली. पुढच्या वर्षी ८ मार्चला युनियनच्या महिला कामगारांनी कार्यक्रम ठेवला तेव्हा त्यांनी तिला पुढच्या रांगेत बसवले आणि नाव घेण्याचा आग्रह केला. आई उठली. आवाज बारीक झाला होता, पण यमक चुकले नाही:

“कुंकू पुसलं लोकांनी, पुसता आलं न नाव;
—रावांना अजूनही माझ्या ओठी ठाव.”

सभागृहात तिच्यासारख्या आणखी सात-आठ जणी होत्या. त्या दिवशी त्या सगळ्यांनी नाव घेतले. कार्यक्रम तासभर लांबला आणि चहा दोनदा करावा लागला.

श्रोतेहो, कोडी विकणाऱ्यांचा धंदा कायद्याने एका रूपात बांधला की तो दुसऱ्या रूपात येतो, हे आपण सारे पाहतच आहोत. त्याला अटकाव कायद्याने करावा, आम्ही त्यासाठी भांडूही. परंतु घरचे कोडे टिकवण्यासाठी कायदा लागत नाही. कागद, पेन्सिल आणि ज्याच्यासाठी ते करायचे त्या माणसाची थोडी माहिती पुरते. येत्या लग्नाला, बारशाला, निरोपाला एक तरी कोडे घरी करून पाहावे. ते कठीण झाले तर सोपे करावे, आणि शेवटचे अक्षर सत्कारमूर्तीलाच भरू द्यावे.

आमच्या आजोबांचे नाव आम्ही अजून सांगितलेले नाही, हे काहींच्या ध्यानात आले असेल. जाता जाता आणखी एक घालतो. तीन अक्षरे, आरंभी ‘संप’ आहे, तरी मालकाला फार प्रिय. दोन्हींची उत्तरे मंडपाबाहेर पडताना शेजारच्या अनोळखी माणसाला विचारावीत.